शिल्प, नामलेख आणि निवेदक : प्राचीन भारतातील चित्रवाचनाचा एक विचार

१

चित्राला भाषेची गरज नसते, ते साक्षराला व निरक्षराला सारखेच समजते, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. प्राचीन काळी सामान्य लोकांना वाचता येत नव्हते, म्हणून धर्म शिकविण्यासाठी स्तूपांवर शिल्पे कोरली गेली आणि लेण्यांच्या भिंती रंगविल्या गेल्या, हे नेहमीचे विधान याच समजावर उभे असते. वरवर पाहता ते पटण्यासारखे आहे. परंतु या शिल्पांच्या व चित्रांच्या अभ्यासाचा गेल्या दोन शतकांचा इतिहास पाहिला, तर एक विचित्र गोष्ट नजरेस येते. जी दृश्ये निरक्षरालाही सहज कळावीत म्हणून निर्माण झाली असे मानले जाते, त्याच दृश्यांचा अर्थ लावताना अनेक भाषा जाणणारे, साक्षेपी आणि व्यासंगी पंडित वारंवार चुकले आहेत. वृक्षाखालच्या आसनाला वंदन करणारे लोक त्यांना वृक्षपूजक वाटले, धर्माचे चक्र राशिचक्र वाटले, आणि कथेतील राजा इतिहासातील राजा वाटला.

या चुका बुद्धीच्या उणिवेमुळे झाल्या नाहीत. चित्रापासून अर्थ घेण्याच्या क्रियेला जी अंगे आवश्यक असतात, त्यांपैकी एखादे अंग नष्ट झाले म्हणजे काय होते, याची ती उदाहरणे होत. भारतातील काही स्थळे या दृष्टीने फार बोधप्रद आहेत. भारहुत येथे शिल्प व नामलेख दोन्ही शिल्लक आहेत. सांची येथे शिल्प आहे, पण त्याचे नाव सांगणारा लेख नाही. नाणेघाटात लेख आहेत आणि प्रतिमा गेल्या आहेत. अजिंठ्यात चित्र आहे, लेख क्वचित आहे, आणि कथा दूरच्या ग्रंथांत आहे. ही स्थळे शेजारी ठेवून पाहिली असता शब्द चित्राला काय देतो व चित्र शब्दाला काय देते, हे बऱ्याच निश्चितपणे सांगता येते.

२

मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात भारहुत येथील स्तूपाचे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅम यांना इ. स. १८७३ मध्ये आढळले. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील हा स्तूप. त्याच्या वेदिकेचा व तोरणाचा उरलेला बराच भाग पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्ये नेण्यात आला. भारहुतचे असाधारणत्व शिल्पांच्या सौंदर्यात जितके आहे, तितकेच त्यांच्यालगत कोरलेल्या ब्राह्मी लेखांत आहे. दात्यांची नावे सांगणारे लेख इतरत्रही सापडतात. येथे त्यांच्या जोडीला, समोरचे दृश्य कोणते हे सांगणारे लेख आहेत, आणि त्यांची संख्या ऐंशीच्या घरात जाते. हाइन्रिख ल्यूडर्स यांनी केलेली या लेखांची आवृत्ती एर्न्स्ट वाल्डश्मिट व पुण्याचे मधुकर अनंत मेहेंदळे यांनी संस्कारित केली व ती इ. स. १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली.

हे लेख अतिशय लहान आहेत. ‘कुपिरो यखो’, ‘सिरिमा देवता’, ‘छदंतिय जातकं’ : दोन-तीन शब्दांत काम संपते. ते कथा सांगत नाहीत, दृश्याचे वर्णन करीत नाहीत, त्याचे तात्पर्यही देत नाहीत. समोर कोण आहे एवढेच ते निश्चित करतात. परंतु या ‘एवढेच’ चे मोल किती आहे, हे कुबेराच्या मूर्तीवरून ध्यानात येते. उत्तरकालीन मूर्तिशास्त्रातील कुबेर स्थूल व लंबोदर असतो. भारहुतचा ‘कुपिरो यखो’ मात्र सडपातळ, हात जोडून उभा असलेला पुरुष आहे. नामलेख नसता तर उत्तरकालीन लक्षणांच्या आधारे त्याला कुबेर म्हणण्यास कोणीही धजले नसते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, लेख आणि शिल्प एकच गोष्ट दोनदा सांगत नाहीत. एका स्तंभावर अजातशत्रू हात जोडून नम्र झालेला दिसतो. त्याच्यासमोर आसन आहे, छत्र आहे, पदचिन्हे आहेत. आसनावर कोणी बसलेले नाही. लेख म्हणतो की, अजातशत्रू भगवंताला वंदन करतो. डोळ्यांना रिकामे आसन दिसते आणि शब्द तेथे भगवंत असल्याचे सांगतात. दुसऱ्या एका दृश्यात वृक्ष, त्याभोवतीची वास्तू व पूजक कोरले आहेत. त्यावरील लेख वृक्षाविषयी काहीच बोलत नाही, तो भगवान शाक्यमुनीच्या बोधीचे नाव घेतो. यातून बुद्धाच्या अनुपस्थितीचा अर्थ कसा लावावा, हा वाद आजही संपलेला नाही. अशा दृश्यांपैकी पुष्कळांत बुद्धाच्या चरित्रातील प्रसंग नसून पवित्र स्थळी होणारी पूजा आहे, असा पक्ष सुसान हंटिंग्टन यांनी इ. स. १९९० मध्ये मांडला. एकच चिन्ह प्रसंग, स्थळ व तत्त्व यांपैकी अनेक अर्थ एकाच वेळी वाहू शकते, असे उत्तर विद्या देहेजिया यांनी पुढील वर्षी दिले. दोन्ही पक्षांना भारहुतच्या त्या लहानशा लेखांचा विचार करावा लागतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

जेतवनाच्या दानाचे वर्तुळाकार शिल्प या परस्परसंबंधाचे सर्वांत चांगले उदाहरण होय. अनाथपिंडिकाने कोटी नाणी अंथरून जेतवन विकत घेतले व ते दान दिले, एवढे लेखात आहे. शिल्पात बैल सोडलेली गाडी आहे, जमिनीवर नाणी मांडणारी माणसे आहेत, दानाचे उदक सोडण्यासाठी हातात झारी घेतलेला दाता आहे. नाणी चौकोनी आहेत व ती कडेला कड लावून मांडली आहेत. आहत नाण्यांचा हा आकार लेखात कोठेही नाही. उलट, ही जागा जेतवन आहे, हा पुरुष अनाथपिंडिक आहे आणि ही नाणी म्हणजे भूमीची किंमत आहे, हे शिल्पातून कधीच कळले नसते. नाव, व्यवहार व हेतू शब्दाने दिले. आकार, मांडणी व कृती शिल्पाने दिली. दोहोंपैकी कोणतेही एक दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही.

तरीही दोन्ही मिळून पुरे होतात काय? भारहुतचाच आणखी एक लेख या प्रश्नाचे उत्तर देतो. डोळे बांधलेला एक ब्राह्मण वीणा वाजवीत आहे आणि त्याच्यासमोर स्त्री नृत्य करीत आहे, असे एक शिल्प तेथे आहे. त्यावरील लेखात जातकाचे रूढ नाव नाही. ब्राह्मणाने जे वाजविले त्याचा निर्देश करणारे, त्या कथेतील गाथेचे आरंभीचे शब्द तेवढे देऊन ‘जातकं’ म्हटले आहे. ज्याला ती गाथा पाठ आहे त्याला या खुणेने सारी कथा आठवते. ज्याला गाथा ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने चित्र व लेख दोन्ही मुकी राहतात. नामलेख हा अज्ञ माणसाला ज्ञान देणारा मजकूर नव्हता. ज्ञात कथांपैकी नेमकी कोणती, हे ठरविणारी ती खूण होती. कथा स्वतः तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे माणसांच्या स्मरणात व मुखात होती.

कनिंगहॅम यांच्या अनुभवाने हेच सिद्ध होते. भारहुतचे अवशेष हाती आले तेव्हा पाली जातकांची फाउसबोल यांची संपूर्ण आवृत्ती अस्तित्वात नव्हती. तिचा पहिला खंड इ. स. १८७७ मध्ये निघाला. लेख वाचता येत होते, शिल्पे समोर होती, आणि कथा माहीत नव्हत्या. त्यांनी सिंहलद्वीपातील विद्वान भिक्षू सुभूती यांच्याशी पत्रव्यवहार केला, आणि परंपरेने कथा जाणणाऱ्या या भिक्षूच्या साहाय्याने अनेक दृश्ये उलगडली. इ. स. १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारहुतविषयक ग्रंथामागे हे साहाय्य उभे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पाला त्याचा निवेदक समुद्रापलीकडे सापडला.

३

सांचीची स्थिती याच्या उलट आहे. तेथील वेदिकांवर व तोरणांवर शेकडो लेख आहेत, किंबहुना इ. स. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांना ब्राह्मी लिपीचा उलगडा झाला तो या लेखांच्याच साहाय्याने. निरनिराळ्या स्तंभांवरील लहान लेखांच्या शेवटी तीच ती अक्षरे येतात हे त्यांनी हेरले. जेथे अनेकांनी स्तंभ अर्पण केले असतील, तेथे प्रत्येक लेख ‘दान’ या शब्दानेच संपावा, असा त्यांनी तर्क केला आणि तो बरोबर ठरला. शब्द कोठे कोरला आहे हे पाहून शब्द वाचला गेला. अक्षराला वस्तूने अर्थ दिला, असे हे दुर्मिळ उदाहरण आहे.

परंतु सांचीचे हे लेख दात्यांविषयी बोलतात, दृश्यांविषयी नव्हे. दक्षिण तोरणावरील एका लेखात विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी कोरीव काम केल्याचे नमूद आहे. त्यांनी कोणता प्रसंग कोरला हे मात्र त्यांनी लिहून ठेवले नाही. परिणामी जेम्स फर्ग्युसन यांनी इ. स. १८६८ मध्ये सांची व अमरावती येथील शिल्पांवर जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्याचे नावच वृक्ष व सर्प यांच्या पूजेवर बेतलेले होते. डोळ्यांना जे दिसत होते त्याचे वर्णन त्यांनी प्रामाणिकपणे केले होते. वृक्ष दिसत होता, त्यापुढे हात जोडलेली माणसे दिसत होती, फणा उभारलेले नाग दिसत होते. केवळ दृष्टीवर विसंबणाऱ्याला याहून वेगळा निष्कर्ष काढणे कठीण होते.

पाच वर्षांनी भारहुत उजेडात आले. तेथे मागील बुद्धांचे वृक्ष निरनिराळ्या पानांनी ओळखू येतील असे कोरलेले असून, अमुक बुद्धाचा हा बोधिवृक्ष, असे प्रत्येकाजवळ लिहिलेले होते. नावे असलेल्या भारहुतवरून नावे नसलेल्या सांचीचे वाचन मग शक्य झाले. आल्फ्रेड फूशे यांनी हे काम पद्धतशीरपणे केले, आणि जॉन मार्शल व ननीगोपाल मजुमदार यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेल्या सांचीवरील तीन खंडांच्या ग्रंथात (इ. स. १९४०) ते समाविष्ट झाले. एका स्थळाचा शब्द दुसऱ्या स्थळाच्या शिल्पाला लावून अर्थ मिळविण्याची ही रीत पुढील साऱ्या अभ्यासाचा पाया ठरली.

मात्र या देवघेवीत चित्र केवळ घेणारे राहिले नाही. सहा सुळ्यांच्या हत्तीची, म्हणजे छद्दंत जातकाची, कथा हे त्याचे प्रमाण होय. पूर्वजन्मीच्या रोषामुळे काशीची राणी झालेली हत्तीण आपल्या जुन्या पतीचे सुळे मागविते, शिकारी ते घेऊन येतो, आणि सुळे पाहताच राणी शोकाने प्राण सोडते, अशी ही कथा. पाली जातकात ती दोन थरांत आली आहे. प्राचीन गाथांत शिकारीच करवतीने सुळे कापतो; नंतरच्या गद्य निवेदनात शिकाऱ्याला ते जमत नाही, तेव्हा हत्ती स्वतः सोंडेत करवत धरून आपले सुळे कापून देतो. भारहुतच्या नामलेखयुक्त शिल्पात शिकारी कापीत आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, सुमारे सहा शतकांनंतर, हत्ती स्वतःच सुळे देताना दिसतो. वधाची कथा हळूहळू दानाची कथा कशी झाली, याचा क्रम फूशे यांनी शिल्पांच्या आधारे लावला व ग्रंथांतील पाठांचे पौर्वापर्य ठरविले. येथे शब्दाच्या कालनिर्णयाला चित्राने साक्ष दिली आहे.

४

सांचीच्या दक्षिण तोरणावर श्रीसातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याच्या दानाचा लेख आहे. सातवाहनांचे हे नाव अभ्यासकाला सह्याद्रीकडे घेऊन येते. जुन्नरजवळ कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर जे लेणे आहे, त्याच्या बाजूच्या भिंतींवर यज्ञांचे व दक्षिणांचे तपशील देणारा नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. मागील भिंतीवर सातवाहन कुळातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या आणि त्यांच्या डोक्यांवर नावे कोरलेली होती. नावे टिकून आहेत : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. प्रतिमांची मात्र पावलांच्या खुणांपलीकडे फारशी निशाणी राहिलेली नाही.

सांचीत शिल्पांना नावे नाहीत. येथे नावांना शिल्पे नाहीत. या अभावाचे परिणाम वेगळ्या प्रकारचे आहेत. कोण होते ते कळते, परंतु ते एकमेकांचे कोण होते हे लेख सांगत नाही. नावांचा क्रम, बिरुदे आणि नागनिकेच्या लेखातील उल्लेख यांवरून सिमुक व सातकर्णी यांचे नाते काय, महारठी हा राणीचा पिता काय, असे प्रश्न इतिहासकारांना सोडवावे लागले. प्रतिमा उभ्या असत्या तर वय, वेश, उंची, कोण कोणाकडे वळून उभा आहे, यांतून काही गोष्टी पाहताक्षणीच कळल्या असत्या. जे नाते लेखकाने लिहिले नाही, ते बहुधा शिल्पकाराने दाखविले होते, म्हणूनच ते लिहिण्याची गरज पडली नसावी.

या उणिवेची अंशतः भरपाई अलीकडे झाली आहे. महाराष्ट्रातून कर्नाटकात जाणाऱ्या भीमा नदीच्या काठी, सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झालेल्या उत्खननात नामलेखयुक्त शिल्पांचा मोठा समूह प्रकाशात आला. त्यांत सातवाहन राजांची नावे कोरलेली दृश्ये आहेत, आणि राण्या व परिचारिका यांच्यासह उभ्या असलेल्या एका राजाजवळ ‘राया असोको’ असा लेख आहे. सांचीतील काही दृश्ये अशोकाची असावीत असे फूशे प्रभृतींनी ग्रंथांच्या आधारे पूर्वीच म्हटले होते. परंतु प्राचीन शिल्पकाराने स्वतः नाव घालून दाखविलेला अशोक येथे मिळाला. ही आकृती एका राजाची रूढ आकृती आहे. अशोकाची म्हणून ओळखता येईल अशी कोणतीही निराळी खूण तिच्यावर नाही. ती दोन शब्दांची ओळ झिजून गेली असती, तर तो ‘एक राजा व त्याच्या राण्या’ एवढाच राहिला असता.

५

अजिंठ्याची चित्रे इ. स. १८१९ मध्ये पाश्चात्त्य अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली. तेव्हापासून त्यांच्यावर शब्दांचे जे थर चढत गेले, त्यांचा विचार स्वतंत्रपणे करण्याजोगा आहे. मूळचे लेख मोजके आहेत. दुसऱ्या लेण्यात रंगाने लिहिलेले काही संस्कृत श्लोक आहेत. ते आर्यशूराच्या जातकमालेतील आहेत हे ल्यूडर्स यांनी इ. स. १९०२ मध्ये दाखविले, आणि त्या श्लोकांलगतची चित्रे क्षांतिवादी तपस्वी व मैत्रीबल राजा यांची असल्याचे निश्चित झाले. जेथे असा आधार नव्हता, तेथे पाहणाऱ्यांनी आपापले शब्द चित्रांवर ठेवले.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध शब्द ‘इराणी वकिलात’ हे होत. पहिल्या लेण्यातील एका राजसभेच्या दृश्यात टोकदार टोप्या घातलेले परकीय लोक भेटी घेऊन आलेले दिसतात. इ. स. १८७९ मध्ये फर्ग्युसन यांनी हे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारात आलेले इराणच्या दुसऱ्या खुस्रूचे वकील होत, असे प्रतिपादन केले. या दोन राजांमधील संपर्काचा उल्लेख अल्-तबरी या इतिहासकाराने केलेला असल्यामुळे कल्पनेला बळ मिळाले. ते नाव पाठ्यपुस्तकांत गेले, चित्राखाली छापले जाऊ लागले आणि पिढ्यान्पिढ्या विद्यार्थी त्या दृश्यात पुलकेशीच पाहू लागले. तथापि वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील लेखांचा व लेण्यांच्या बांधणीक्रमाचा अभ्यास करून वॉल्टर स्पिंक यांनी हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवले. पुलकेशीचे राज्य सातव्या शतकातील. म्हणजे तो जन्मण्याच्या कितीतरी आधी हे चित्र पुरे झाले होते. हे दृश्य महासुदर्शन राजाच्या बौद्ध कथेतील असल्याचे मत नंतरच्या अभ्यासात पुढे आले आहे. टोप्या परकीयच आहेत, भेटीही भेटीच आहेत. डोळ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. चुकले ते नाव. आणि एकदा चुकीचे नाव चित्राखाली आले म्हणजे चित्र त्याला विरोध करू शकत नाही, उलट त्याचा पुरावा होऊन बसते. नामलेखाचे सामर्थ्य जितके मोठे, तितकाच त्याचा धोकाही मोठा आहे.

सतराव्या लेण्याची कथाही अशीच उद्‌बोधक आहे. त्याच्या ओसरीत डाव्या बाजूला एका प्रचंड चक्राचे चित्र असून त्याचा काही भाग नष्ट झाला आहे. चक्राचे विभाग पाहून ते राशिचक्र असावे असे आरंभीच्या अभ्यागतांना वाटले, आणि लेणेच ‘राशिचक्राचे लेणे’ म्हणून इंग्रजीत ओळखले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लॉरेन्स वॉडेल यांनी ते भवचक्र असल्याचे दाखवून दिले. त्यांना हे कळले ते तिबेटी परंपरेमुळे. तेथील विहारांच्या दाराशी तेच चक्र रंगविण्याची प्रथा चालू होती आणि त्याचा अर्थ सांगणारे लामा हयात होते. भारहुतच्या बाबतीत सुभूतींनी जे केले, तेच येथे लामांनी केले.

६

हे चक्र विहाराच्या दाराशी का असते, याची कथा मूलसर्वास्तिवादी विनयात व दिव्यावदानात आली आहे, आणि प्रस्तुत विषयाचा जणू सिद्धांतच तीत सापडतो. मौद्गल्यायन निरनिराळ्या गतींत फिरून येई व तेथील प्राण्यांची सुखदुःखे लोकांना सांगून त्यांना सन्मार्गाला लावी. परंतु मौद्गल्यायन किंवा त्याच्यासारखा उपदेशक सर्वत्र असू शकणार नाही, हे जाणून बुद्धाने विहाराच्या दारकोठ्यात पाच गतींचे चक्र रंगविण्याची आज्ञा दिली. मध्यभागी राग, द्वेष व मोह यांची प्रतीके म्हणून कबूतर, सर्प व डुक्कर, भोवती बारा अंगांचा प्रतीत्यसमुत्पाद आणि साऱ्याला धरून राहिलेली अनित्यता असे त्याचे स्वरूप असून, त्याच्याजवळ दोन गाथा लिहाव्यात असेही सांगितले. चित्र झाले, शब्दही झाला. उपदेशकाची उणीव भरून निघाली असे वाटावे.

कथा मात्र येथे थांबत नाही. ब्राह्मण व गृहस्थ येत, चित्र पाहत आणि हे काय काढले आहे, असे भिक्षूंना विचारीत. आम्हालाही ठाऊक नाही, असे भिक्षू उत्तर देत. तेव्हा येणाऱ्यांना चित्र समजावून सांगण्यासाठी दाराशी एक भिक्षू नेमावा, असा नियम करावा लागला. पुढे भिक्षूंनी वाटेल त्याला, अजाण माणसालाही, तेथे बसविले; तेव्हा समर्थ भिक्षूच नेमावा अशी पुस्ती जोडावी लागली. उपदेशक सर्वत्र नसतो म्हणून चित्र काढले, आणि चित्र स्वतः बोलत नाही म्हणून पुन्हा उपदेशक नेमला. या नियमांची रचना करणाऱ्यांना चित्र आपोआप कळते असा भ्रम नव्हता. तो भ्रम उत्तरकालीन आहे.

विहाराबाहेरही हीच व्यवस्था होती. बाणभट्टाच्या हर्षचरितात, पित्याच्या आजारपणाची वार्ता ऐकून परतणाऱ्या हर्षाला बाजारपेठेत एक यमपट दाखविणारा दिसतो. डाव्या हातात काठीवर उभारलेला पट, उजव्या हातात दाखविण्याची छडी, आणि भोवती कुतूहलाने जमलेली मुले, असे त्याचे वर्णन आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य कुळातील तिसऱ्या सोमेश्वराने रचविलेल्या मानसोल्लासात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्याला ‘चित्रकथक’ हे नाव दिलेले आढळते.

हे नाव महाराष्ट्रात अद्याप जिवंत आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाच्या कलावंतांनी चित्रकथी जतन केली आहे. एका आख्यानाची सुटी चित्रे एकत्र बांधली म्हणजे तिला ‘पोथी’ म्हणतात. चित्रकथी वाद्यांच्या साथीवर गात, निरूपण करीत एकेक चित्र पुढे धरतो. लिखित ग्रंथाचे नाव चित्रांच्या गठ्ठ्याला मिळावे, हे अर्थपूर्ण आहे. वाचन येथेही आहेच. फक्त पोथी डोळ्यांसमोर असते आणि तिचा पाठ गाणाऱ्याच्या कंठात असतो. या कलेच्या जोपासनेबद्दल परशुराम गंगावणे यांना इ. स. २०२१ चा पद्मश्री किताब देण्यात आला. ज्या जुन्या पोथ्या गायकापासून तुटून संग्रहालयांत पोहोचल्या, त्यांची अवस्था सांचीच्या शिल्पांसारखी आहे. चित्र समोर असते आणि प्रसंग कोणता हे शोधून काढावे लागते.

७

वरील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. शिल्प किंवा चित्र आकार दाखविते, नामलेख त्या आकाराची ओळख निश्चित करतो, आणि निवेदक त्या दोहोंना कथेच्या प्रवाहात सोडतो. या तीन अंगांपैकी एक गेले तर उरलेली दोन बरेच काही सांगू शकतात. दोन गेली तर तिसरे जवळजवळ मुके होते, आणि त्याहून वाईट म्हणजे पाहणाऱ्याच्या मनातील वाटेल ते नाव स्वीकारू लागते. भारहुत व भवचक्र यांचे रहस्य दूरच्या भूमीतील परंपरा जाणणाऱ्यांनी उलगडले, तर ‘इराणी वकिलाती’ची ओळख बदलण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. निरक्षरांसाठी चित्र व साक्षरांसाठी ग्रंथ ही विभागणी प्राचीनांना मान्य नव्हती असेच या पुराव्यावरून म्हणावे लागते. त्यांनी चित्राजवळ अक्षर लिहिले, आणि दोहोंच्या शेजारी माणूस उभा केला.

आजही वस्तुसंग्रहालयात, लेण्यात किंवा पाठ्यपुस्तकात चित्राखाली जी एक ओळ लिहिली जाते, तिचा विचार याच परंपरेच्या प्रकाशात व्हावयास हवा. ती ओळ लिहिणारा भारहुतच्या त्या अनाम लेखकाचा वारस असतो. दाराशी समर्थ भिक्षूच नेमावा, हा जुना नियम त्यालाही लागू आहे.